गणपतीआधी भिंत चकाचक: ओल आलेल्यांसाठी खात्रीचे उपाय

बेडरूमच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसले म्हणून लगेच घाबरू नका. त्या भिंतीला कपाट लावा. कपाटामागे हवा खेळत नाही, त्यामुळे बुरशी निवांत वाढते आणि तुम्हाला दिसतही नाही. भिंत आणि कपाट यांच्यात चार बोटं जागा सोडा असं सांगणारे लोक भेटतील. त्यांनी मुंबईतली बेडरूम बहुतेक पाहिलेली नसते.

कपाटातल्या पैठणीला कुबट वास यायला लागला की मगच माणूस बोलवा. नाक्यावर उभा असलेला रंगारी उत्तम. भिंत पाहताक्षणी तो सांगेल, "बाहेरून पाणी मारतंय." भिंत दोन खोल्यांमधली असली तरी हेच सांगेल. मग पंखा पाचवर लावून तो कोरडी भिंत खरवडायला घेईल. त्याला अजिबात अडवू नका. कोरडी बुरशी खरवडली की बीजाणू उडतात आणि पंखा ते घरभर पोचवतो. इतके दिवस एका कोपऱ्यात अडकून पडलेल्या बुरशीला हॉल बघायला मिळतो. काही हौशी लोक आधी दाराला जाड प्लॅस्टिक लावतात, एन-९५ मास्क घालतात, डाग ओला करूनच पुसतात आणि हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम फिरवतात. हेपा ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. आपल्या घरातला साधा व्हॅक्यूम बारीक कण मागच्या बाजूने परत खोलीत सोडतो, शिवाय तो आयता घरात आहेच.

डाग हट्टी असेल तर ब्लीच मारा. टाइलवर ते चालतं. प्लास्टर सच्छिद्र असतं, त्यामुळे वरचा डाग पांढरा होतो, आतली बुरशी तशीच राहते आणि ब्लीचमधलं पाणी तिला पाजलं जातं. फक्त ब्लीचमध्ये संडास धुवायचं ॲसिड घालायचा मोह आवरा. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि बुरशीआधी तुम्हाला घर सोडावं लागतं. ही सूचना मात्र थट्टेतली नाही.

मग पुट्टीचे दोन हात, प्रायमर, रंगाचे दोन हात. आतलं पाणी बाहेर यायला वाट शोधतं, रंगाला फुगे येतात, पापुद्रे सुटतात. तरी दीड दिवसाच्या गणपतीला हा रंग आरामात पुरतो. तुमच्याकडे दहा दिवसांचा असेल तर आरास जरा रुंद करा.

पाणी कुठून येतंय, या फंदात पडूच नका. कारण शोधायला घेतलं तर ते सापडतं, आणि मग वरच्या मजल्यावरच्या काकूंशी बोलावं लागतं. ओलीच्या कडेवर पेन्सिलीने रेघ मारून शेजारी तारीख लिहिली की चारच दिवसांत भिंत बोलायला लागते. पाऊस उघडल्यावर ओल मागे सरकली तर दोष बहुधा बाहेरच्या भिंतीचा. रात्रंदिवस सारखी वाढत राहिली तर कन्सील्ड, म्हणजे भिंतीत गाडलेला पाइप. वरच्यांची आंघोळ झाल्यावरच गडद होत असेल तर नहाणी ट्रॅपचा (बाथरूमच्या जाळीखालच्या भांड्याचा) सांधा किंवा फरशीखालचं वॉटरप्रूफिंग. त्याचीही परीक्षा असते: वरच्यांच्या बाथरूममधला ट्रॅप बंद करायचा, फरशीवर दोनेक इंच पाणी २४ तास साठवून ठेवायचं आणि खालून छत बघत राहायचं. ट्रॅप बंद असताना छत कोरडं राहिलं आणि सोडल्यावर ओलं झालं, तर दोष फरशीचा नसून ट्रॅपचा किंवा त्याच्या पाइपचा. आणि शेजारच्या खोलीत एसी १८ वर चालत असेल, तर कुठेच गळती नसतानाही मधल्या थंड भिंतीच्या अलीकडच्या बाजूला दमट हवेचं पाणी धरतं. एवढं सगळं कळून करायचं काय? सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे संडास-सिंकची आतली गळती सभासदाच्या खर्चाची, पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपची सोसायटीच्या. म्हणूनच सेक्रेटरींना प्रत्येक गळती आतली दिसते आणि काकूंना बाहेरची.

तरीही लायसन्सवाला तज्ज्ञच हवा असा हट्ट असेल, तर कार्डावर मोठ्या अक्षरात लायसन्स नंबर छापलेला माणूस निवडा आणि तो नंबर कशाचा आहे हे विचारू नका. पेस्ट कंट्रोलवाल्याचं लायसन्स कीटकनाशकांचं असतं. जीएसटी नंबर तर कराचा. बुरशी काढण्याचं वेगळं लायसन्स असतं ते न्यूयॉर्क, टेक्सास, फ्लोरिडात. तिथे तपासणारा एक आणि काढणारा दुसरा असावा लागतो. एकाच घरात दोन्ही कामं एकालाच करता येत नाहीत. आपल्याकडे तपासणारा, काढणारा आणि "झालं बघा काम" म्हणणारा एकच असतो. केवढी बचत! अमेरिकेतली सरकारी पर्यावरण संस्था असंही सांगते की डाग साधारण १० चौरस फुटांहून कमी असेल तर घरच्या घरी साफ करता येतो, जास्त असेल तर जाणकार बोलवा. कपाट हलवलंच नाही, तर डाग १० चौरस फुटांच्या आतलाच धरता येतो.

कोटेशन एका ओळीचं घ्या: "बुरशी काढणे व रंग, चौरस फुटाने." पाण्याचं कारण, खोली बंद कशी करणार, भिजलेली जिप्समची सीलिंग आणि फुगलेलं प्लाय कापून पिशवीत बांधून नेणार की नुसतं पुसणार, असले प्रश्न विचारून त्याला लाजवू नका. भिंत वाळली की नाही हे तो तळहात लावून सांगतो. त्याच्यासमोर ओलावा मोजायचं पिनवालं मीटर काढलंत तर त्याला वाईट वाटेल. पैसे सगळे आगाऊ द्या. निम्मे पैसे पुढच्या पावसानंतर देईन म्हणालात तर तो उद्यापासून येणारच नाही, आणि गणपती आठ दिवसांवर आलेत.