राष्ट्रीय चित्रकार व्हावयाचे असल्यास

इतिहासचित्रे रंगवून राष्ट्रीय चित्रकार होण्याची इच्छा आपल्या मनात मूळ धरू लागली असेल, तर सर्वप्रथम आपले राष्ट्र नकाशावरून पुसले गेले आहे याची खात्री करून घ्यावी, कारण नांदत्या देशात या व्यवसायाला म्हणावी तशी बरकत नसते. पोलंडमधल्या क्राकूव शहराच्या यान मातेइको या चित्रकाराला ही सोय जन्मतःच लाभली होती. तो १८३८ साली जन्मला, तेव्हा रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंडचा शेवटचा घास गिळून ४३ वर्षे लोटली होती. आणि ज्या क्राकूवला नावापुरते ‘स्वतंत्र नगर’ म्हणून ठेवले होते, तेही तो आठ वर्षांचा असताना ऑस्ट्रियाने खिशात घातले. वडील चेक संगीतशिक्षक आणि आईच्या घराण्यात जर्मन रक्त, तेव्हा अस्सल पोलिश चित्रकार होण्याच्या आड वंशावळ येते, ही भीती आपण बाळगू नये. शाळेत गती नसल्यास तर फारच उत्तम. त्याची शाळा तेराव्या वर्षीच सुटली.

विषय निवडताना मात्र सावध असावे. विजय, राज्याभिषेक, शत्रूचे शरण येणे, असे विषय घ्यावेत. ज्याने त्याने आपापल्या पणजोबांना चित्रात शोधावे आणि समाधानाने घरी जावे. मातेइकोने येथेच घोळ केला. वयाच्या चोविशीत त्याने राजदरबारातला विदूषक स्तान्चिक रंगवला, तोही हसताना नव्हे. शेजारच्या दालनात राणीचा नाच रंगात आला आहे, टेबलावर स्मोलेन्स्क शहर हातचे गेल्याची बातमी देणारा कागद पडला आहे, आणि ती गंभीरपणे घेणारा दरबारातला एकमेव माणूस लाल पोशाखात खुर्चीवर खचून बसला आहे. विदूषकाला चेहरा चित्रकाराने स्वतःचाच दिला. हे चित्र पुढे एका कलासंस्थेच्या सोडतीत बक्षीस म्हणून गेले, म्हणजे जाणकारांनी त्याची योग्य ती किंमत केली असे समजण्यास हरकत नाही.

एवढ्यावर थांबला असता तरी निभावले असते. परंतु १८६६ साली त्याने ‘रेयतान’ पूर्ण केले. देशाच्या पहिल्या फाळणीला १७७३ साली वॉर्साच्या संसदेत मान्यता मिळणार होती, तेव्हा तादेउश रेयतान हा एक सभासद सभागृहाच्या दारात आडवा पडला. चित्रात तो छाती उघडी टाकून उंबऱ्यावर लोळतो आहे, त्याच्यासमोर झगझगीत पोशाखातले सरदार उभे आहेत, एक खुर्ची उलटली आहे, आणि जमिनीवर नाणी सांडली आहेत. त्या नाण्यांकडे आपण लक्ष देऊ नये. लक्ष द्यावे ते तपशिलाच्या चुकांकडे, कारण देश कोणी विकला हा प्रश्न अडचणीचा असला, की तारखांचा प्रश्न काढणे केव्हाही सोयीचे पडते. चित्रात दिसणारे थोरले पोतोत्स्की सरदार आदल्याच वर्षी वारले होते, आणि सज्ज्यातून मजा पाहणारा रेपनिन त्या काळी वॉर्सात रशियाचा राजदूतच नव्हता. जे सरदार चित्रात अचूक उतरले होते, त्यांचे वंशज अर्थातच हयात होते, आणि क्राकूवच्या दिवाणखान्यांतून त्यांचा चांगला वट होता. मायभूमीची अशी बदनामी, आणि तीही पॅरिसच्या प्रदर्शनात मांडून, असा गहजब उडाला. पॅरिसने चित्राला सुवर्णपदक दिले आणि ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्स योसेफ याने ते ५०,००० फ्रँकला विकत घेतले. ज्या फाळणीचा तो निषेध होता, तिच्यातला एक तुकडा याच सम्राटाच्या घराण्याकडे आला होता. तेव्हा एवढी उत्तम वस्तू घरातल्या घरात राहिली, असेच म्हणावे लागेल.

टीकाकारांना उत्तर देऊ नये, असे वडीलधारी सांगत असतात. मातेइकोने उत्तर दिले ते रंगवून. एका लहानशा चित्रात त्याने स्वतःला क्राकूवच्या चौकात खांबाला बांधले आणि आपल्या निंदकांना जुन्या काळचे अंगरखे चढवून शिक्षा वाचायला उभे केले.

शहाणपण त्याला उशिरा सुचले. १८७८ साली त्याने ‘ग्रुनवाल्डची लढाई’ पुरी केली: पोलंडचा जवळजवळ दहा मीटर रुंदीचा जुना विजय, ज्यात जर्मन सरदारांचा प्रमुख दोन सामान्य पायदळ सैनिकांच्या हातून मरतो. यात कोणाच्याच पणजोबांना उणे येत नव्हते. त्याच वर्षी नगराने त्याच्या हाती राजदंड दिला, कलेच्या राज्यातील त्याच्या सत्तेची खूण म्हणून. खऱ्या राज्यात राजा नसला की असे राजदंड सढळ हाताने वाटता येतात.

अध्यापनाचाही मोह झाल्यास शिष्य मंदबुद्धीचे निवडावेत. १८७३ साली प्रागचे बोलावणे नाकारून मातेइको क्राकूवच्या कलाशाळेचा संचालक झाला आणि मरेपर्यंत त्या खुर्चीत राहिला. त्याने मात्र माल्चेव्स्की, मेहोफर, विस्पियान्स्की असे पुढे नामवंत चित्रकार झालेले शिष्य निवडले. शेवटच्या दोघांना त्याने मारियात्स्की चर्चच्या भिंती रंगवण्याच्या कामाला जुंपले, मचाणावर चढवले, आणि मग त्यांनी पॅरिस गाठून गुरूच्या चिलखतांना व मखमलीला रामराम ठोकला. उत्तम शिष्य घडवण्याचे हे असे दुष्परिणाम असतात.

घरातल्या माणसांना मॉडेल म्हणून बसवणे स्वस्त पडते, हा समजही तपासून घ्यावा. पत्नी तेओदोरा त्याच्या चित्रांतून राण्या होऊन वावरली. १८६५ साली त्याने तिचे वधूवेषातले चित्र काढले. ते तिने भांडणाच्या भरात नष्ट केले. १८७९ साली त्याने तेच पुन्हा रंगवले. नवऱ्याने शिकावे ते काय, हे आपण यावरून ठरवावे.

सरतेशेवटी, आपण भूतकाळाचे जाणकार आहोत म्हणून वर्तमानातही आपले ऐकले जाईल, अशी कल्पना करून घेऊ नये. नगरपालिकेने नव्या नाट्यगृहासाठी पवित्र आत्म्याच्या नावाचे जुने रुग्णालय आणि त्याच्या भोवतीच्या मध्ययुगीन इमारती पाडायला घेतल्या, तेव्हा राजदंडधारी मातेइकोने आपले सगळे वजन खर्च केले. पाडकाम थांबले नाही. १८९२ साली त्याने क्राकूवचे सन्माननीय नागरिकत्व परत केले आणि या शहरात यापुढे आपले चित्र लावणार नाही, असे जाहीर केले. नगराने ते नोंदवून घेतले. नाट्यगृह २१ ऑक्टोबर १८९३ रोजी थाटात उघडले. मातेइको ११ दिवसांनी, १ नोव्हेंबरला वारला. अंत्ययात्रेला वावेल टेकडीवरच्या कॅथेड्रलची झिग्मुंट घंटा वाजवण्यात आली, जी एरवी फार मोठ्या प्रसंगांनाच वाजते. पुढच्या वर्षी नाट्यगृहाला रंगवलेला पडदा मिळाला. तो चित्रकार सेमिराड्स्कीने केला होता, ज्याच्याशी मातेइकोची तुलना करण्यात वर्तमानपत्रांची हयात गेली होती.