'काका, उगाच हौस' म्हणणाऱ्या वाचकांना

'घरच्या डेस्कटॉपवर प्रोमिथियस आणि ग्राफाना' (पहिला संगणकाचे आकडे वेळोवेळी नोंदवून ठेवतो, दुसरं त्यांचे आलेख 3000 या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कवरच्या दारावर, दाखवतं) या माझ्या लेखावर एका निनावी वाचकांनी लिहिलंय: "काका, उगाच हौस. टास्क मॅनेजर उघडला की सगळं दिसतं. डेटा 30 दिवस राहतो हे चूक. आणि अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन पासवर्ड तसाच ठेवून 3000 पोर्ट घरच्या वायफायवर उघडा सोडायला लोकांना शिकवू नका." उत्तर कालच देणार होतो, पण काल गुरुवार, दिवसभर वीज नव्हती.

चूक आधी मान्य करून टाकतो, म्हणजे नंतर कुणी बोलायला नको. सेटिंगला हात लावला नाही तर प्रोमिथियस 15 दिवसांचाच डेटा ठेवतो. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता 'काका'. वय 63, नाकारत नाही. पण सोसायटीत पार्किंगवरून भांडताना 'ओ काका' म्हणतात तो सूर मला ओळखू येतो. सल्ला द्यायला चार वाक्यं झाली, नाव लिहायला मात्र जागा उरली नाही.

आणि हौस? भोसरीच्या एका कारखान्यात मी 26 वर्षं मेंटेनन्सला काढली. भट्टीशेजारी गोल कागदाचा चार्ट रेकॉर्डर असायचा. कागद 24 तासांत एक फेरा घ्यायचा, शाईची रेघ उमटत जायची. एकदा रात्रपाळीचा माल हार्डनेसला कमी भरला. ऑपरेटर म्हणाला, मी बघितलं तेव्हा तापमान बरोबर होतं. खोटं बोलत नव्हता बिचारा. कागदावर मात्र पहाटे तीनच्या सुमाराला रेघ खाली गेलेली.

तुमचा टास्क मॅनेजर म्हणजे तो ऑपरेटर. त्याच्या आलेखात मागचे 60 सेकंद दिसतात, त्याआधीचं त्याला विचारू नका. (शिवाय लेख उबुंटू या लिनक्सवरचा आहे. तिथे विंडोजचा टास्क मॅनेजर कुठे सापडला तुम्हाला? लेख वाचलात ना?) माझा पीसी एप्रिलमध्ये भर दुपारी आपोआप बंद पडायचा. दुकानदार म्हणाला एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, बदला. मी नोड एक्स्पोर्टर बसवला, तो पीसीचे तापमान वगैरे आकडे पुरवतो. 9100 पोर्टवरून दर 15 सेकंदांनी प्रोमिथियस आकडे उचलू लागला, आणि तिसऱ्या दिवशी ग्राफानावर दिसलं: बारानंतर प्रोसेसरचं तापमान चढत जातं, चढत जातं, आणि रेघ तुटते. कॅबिनेट उघडलं तर फॅनखाली हीटसिंकवर (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पात्यांवर) धुळीची गादी. समोर बांधकाम चालू आहे, दुसरं काय होणार! ब्रश फिरवला. एसएमपीएस अजून तोच आहे. याला हौस म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

पासवर्डचं म्हणाल तर पहिल्या लॉगिनला ग्राफाना स्वतःच नवा मागतं. तिथे 'स्किप'ही असतं आणि लेखातल्या चित्रात मी तेच दाबतोय, हे खरं. पण घरात आम्ही दोघं. बायकोला माझ्या प्रोसेसरच्या तापमानात काडीचा रस नाही. पोर्टचं तेच, राउटरच्या आतली गोष्ट आहे, तिचा एवढा बाऊ कशाला?

(पासवर्ड काल रात्री बदलला. वीज आल्यावर दुसरं काही काम नव्हतं.)

पुढच्या वेळी नाव लिहा. आडनाव नसलं तरी चालेल.