थायलंडचे पर्यटक आणि व्हिसामाफीचा गैरसमज

थायलंडने व्हिसा माफ केला, सगळे स्वस्त ठेवले आणि पर्यटकांची रीघ लागली. भारतानेही तेवढेच करावे, पर्यटन संस्था फक्त जाहिराती करतात, पर्यटन खात्याच्या योजना, जाहिराती आणि परदेशातली कार्यालये ही निव्वळ उधळपट्टी आहे, अशा आशयाचा मजकूर बराच काळ फिरतो आहे. तो वाचताना पटतो, पण त्यातले एकेक विधान तपासू लागले की टिकत नाही.

आधी व्हिसाचे पाहू. भारतीयांना ही माफी मिळाली १० नोव्हेंबर २०२३ पासून. त्यापूर्वी २०१९ साली, विमानतळावर उतरून व्हिसा घ्यावा लागत असतानाही (शुल्क तेव्हा माफ होते), जवळपास २० लाख भारतीय तिथे गेले होते. माफीनंतरच्या पहिल्या पूर्ण वर्षात, २०२४ मध्ये, हा आकडा २१ लाखांच्या आसपास पोहोचला. माफीचा उपयोग झाला हे खरे, पण बाजारपेठ आधीच उभी राहिली होती. चीनचे उदाहरण तर याहून बोलके आहे. थायलंड आणि चीन यांनी १ मार्च २०२४ पासून एकमेकांच्या नागरिकांना कायमची व्हिसामाफी दिली, तरीही चिनी पर्यटकांची संख्या २०२४ मधल्या सुमारे ६७ लाखांवरून २०२५ मध्ये ४५ लाखांच्या आसपास घसरली. जानेवारी २०२५ मध्ये एका चिनी अभिनेत्याला कामाच्या आमिषाने थायलंडला बोलावून सीमेपलीकडे, म्यानमारमधल्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यावर नेण्यात आले आणि ती बातमी चीनभर पसरली. घसरणीला इतरही कारणे होती, परंतु एकदा धास्ती बसली की व्हिसाची सवलत कुटुंबाला घराबाहेर काढू शकत नाही.

स्वस्ताईचा मुद्दा फार वेळ घेण्याजोगा नाही. जवळचाच व्हिएतनाम तितकाच किंवा अधिक स्वस्त पडतो, आणि जो केवळ दर पाहून येतो तो पुढच्या वर्षी दर पाहूनच दुसरीकडे जातो.

पर्यटन संस्था फक्त जाहिराती करते, हे विधान मला सर्वांत घातक वाटते. १९६० साली स्थापन झालेल्या थायलंडच्या पर्यटन संस्थेपुढे, म्हणजे आजच्या पर्यटन प्राधिकरणापुढे, खरा प्रश्न आहे तो एकाच देशावर विसंबून राहण्याचा. २०१९ मध्ये आलेल्या जवळपास ४ कोटी परदेशी पर्यटकांपैकी सुमारे १ कोटी १० लाख एकट्या चीनचे होते. कोरोनाकाळात सीमा बंद झाल्या आणि २०२१ मध्ये साऱ्या जगातून मिळून साडेचार लाखही पर्यटक आले नाहीत. सीमा पुन्हा खुल्या झाल्यावर चीन पूर्वीच्या वेगाने परतेना, तेव्हा भारत आणि आखाती देशांकडे अधिक लक्ष द्यावे लागले. जानेवारी २०२२ मध्ये सौदी अरेबियाशी तीन दशकांनंतर पूर्ण राजनैतिक संबंध पूर्ववत झाले, थेट विमानसेवा सुरू झाली आणि एक नवी बाजारपेठ खुली झाली.

भारताचे महत्त्व नुसत्या संख्येत नाही. आपल्याकडे मे महिन्यात शाळांना सुट्टी असते, तर थायलंडमध्ये त्याच सुमारास पावसाळा सुरू होऊन युरोपीय पाहुणे ओसरलेले असतात. रिकाम्या होऊ लागलेल्या खोल्या मुंबई-पुण्याच्या कुटुंबांनी भरतात. फुकेत किंवा हुआ हिनला होणाऱ्या भारतीय लग्नाचे पाहा. हॉटेलने बाहेरच्या आचाऱ्यांना स्वयंपाकघर द्यावे लागते, होमाला परवानगी लागते, वरातीसाठी जागा लागते आणि जैन जेवणाची भांडी वेगळी ठेवावी लागतात. हे तिथल्या हॉटेलांना समजावणे आणि इथल्या लग्नाच्या आयोजकांशी त्यांची गाठ घालून देणे एखाद्या जाहिरातीने साधत नाही. त्यासाठी इथे बसलेली, इथले सणवार आणि परीक्षांचे वेळापत्रक जाणणारी माणसे लागतात. थायलंडच्या प्राधिकरणाची मुंबई आणि नवी दिल्ली येथे कार्यालये आहेत ती याचसाठी.

राहिला उधळपट्टीचा आरोप. ही 'बचत' भारताने करून झाली आहे: केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने २०२३ मध्ये परदेशातली आपली कार्यालये बंद केली. ई-व्हिसा तर २०१४ पासूनच सुरू आहे. तरीही २०१९ मध्ये १ कोटी ९ लाखांवर गेलेले परदेशी पर्यटक २०२४ मध्ये एक कोटीच्या आतच राहिले. या घटीचा सारा दोष बंद कार्यालयांच्या माथी मारणे योग्य नव्हे, परंतु व्हिसा सोपा केला की बाकीचे आपोआप होते, हा दावा या आकड्यांपुढे उभा राहू शकत नाही. अजिंठा-वेरूळच्या संवर्धनासाठी आणि पर्यटन सुविधांसाठी जपानने कर्ज दिले. त्याच जपानमधल्या प्रवासी कंपन्यांना अजिंठ्याचा योग्य हंगाम, छत्रपती संभाजीनगरची (पूर्वीच्या औरंगाबादची) विमाने आणि तिथली राहण्याची सोय सांगायला टोकियोत आता आपले पर्यटन कार्यालय उरलेले नाही.