सांबर, सांबार आणि शंबरासुर

जंगलातल्या सांबराचा फोटो टाकला की खाली कुणीतरी हमखास लिहितंच, 'आम्ही तर इडलीसोबत खातो!' बास करा हो आता. आम्हा वैदर्भीयांकडे याहून बरा विनोद आहे. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. नागपुरातून सांबारवडी बांधून घ्यायची आणि ताडोब्यात सांबर बघत खायची.

पण प्राण्याच्या नावाचा इडलीसोबतच्या किंवा कोथिंबिरीच्या सांबाराशी काही संबंध नाही. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात हरणांची यादी आहे. त्यात कृष्णसार, रुरु यांच्या पंगतीत 'शंबर' बसलाय. लंबचं लांब झालं, स्कंभाचा खांब झाला, शुष्कचं सुकं झालं, त्याच वाटेनं शंबराचं सांबर झालं. इतका सरळ प्रवास.

तरी फॉरवर्डवाल्यांना चैन पडत नाही. ऋग्वेदात इंद्रानं मारलेला शंबर आहे, पुराणात प्रद्युम्नानं मारलेला मायावी शंबरासुर आहे, म्हणून सांबर म्हणजे हरणाचं रूप घेतलेला राक्षस! नाव जुळलं की गोष्ट जुळवायचीच, हा आपला जुना छंद. असुराचा वारसा बघायचाच असेल तर तो 'शांबरी विद्ये'त, म्हणजे मायावी विद्येत आहे. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास काचेवरची चित्रं पडद्यावर नाचवली, त्या खेळाचं नाव 'शांबरिक खरोलिका'. मायेचा खेळ, म्हणून शांबरिक. तिथे शंबरासुर शोभतो. पाणवठ्यावर चिखलात लोळणाऱ्या प्राण्याला कशाला राक्षस करता?

आणि प्राणी तरी केवढा! मोठा नर तीनशे किलोच्या घरात जातो. वाघाची चाहूल लागली की शेपटी वर, पुढचा पाय जमिनीवर आपटतो, आणि मग तो 'पोंऽक'. चितळ उगाच ओरडतं, माकडंही घाबरट. पण सांबर ओरडलं की गाईड लगेच जिप्सी वळवायला लावतो. आणि वाघ दिसला की सांबराला विचारतंय कोण! 'नुसतं सांबरच दिसलं' म्हणून तोंड पाडून परतणारे तर ढीगभर.

बरं, ज्यांना दिसतं ते त्याला बारशिंगा म्हणतात. बारशिंगा वेगळा, तो बघायचा तर कान्हाला जा. सांबराच्या एका शिंगाला साधारण तीन टोकं, दोन्ही मिळून सहा. फोटो मोठा करून मोजा आणि मग कॅप्शन लिहा.