काटेरी पट्ट्याचा तो मेसेज: एकेक मुद्दा बघू

सध्या कुत्रेवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, बहुतेक तुम्हालाही आला असेल. म्हणे काटेरी पट्टा प्रत्येक पाळीव कुत्र्याला हवाच, कारण मेंढपाळ शेकडो वर्षं वापरतायत, बिबट्या आणि भटकी कुत्री मान धरू शकत नाहीत, काटे आतल्या बाजूला असतील तर कुत्रा ओढायचा थांबतो आणि त्याला दुखत पण नाही, वर रुबाब वाढतो आणि चोर लांब राहतो. खाली दोन फोटो. एकात बाहेर खिळे काढलेला चामड्याचा पट्टा, दुसऱ्यात आत टोकं वळवलेली स्टीलची साखळी, आणि दोन्हीला मथळा एकच, "काटेरी पट्टा". अहो पण या दोन वस्तूंचं काम पार उलटं आहे, पहिलीचे काटे हल्ला करणाऱ्या जनावराला लागतात आणि दुसरीचे तुमच्याच कुत्र्याला. मेसेज लिहिणाऱ्याने एकीचं पुण्य दुसरीच्या खात्यावर टाकून दिलंय.

"मेंढपाळ शेकडो वर्षं वापरतात." शेकडो काय, दोन हजारांहून जास्त म्हणा. रोमचा वारो नावाचा लेखक इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात शेतीवर लिहिताना हा पट्टा नीट वर्णन करून सांगतो, जाड चामड्याचा, डोक्यांचे खिळे मारलेला, आणि खिळ्यांच्या डोक्यांवर आतून मऊ कातडं शिवलेलं, का तर लोखंड कुत्र्याच्या मानेला बोचू नये. म्हणजे तेव्हाच्या माणसाला पण पहिली काळजी आतल्या बाजूची होती! आजही हिमाचलमधले गद्दी मेंढपाळ बिबट्यासाठी आपल्या कुत्र्यांना लोखंडी काट्यांचे पट्टे घालतात, तुर्कस्तानात कांगल जातीच्या कुत्र्यांना घालतात, इटलीत मारेम्मा जातीच्या कुत्र्यांना लांडग्यांसाठी घालतात. पण ही कुत्री कोण आहेत ते बघा ना राव. शे-दोनशे मेंढरांबरोबर डोंगरात रात्र काढणारी, मोकळी, कुणी लीश (फिरवायची दोरी) धरलेली नाही. त्यांच्याकडे बोट दाखवून तिसऱ्या मजल्यावर सोफ्यावर झोपणाऱ्या लॅब्राडॉरला खिळे घालायचे, याला परंपरा म्हणायचं का? शेतकरी फवारणीला मास्क लावतो म्हणून आपण जेवताना पण लावतो का?

आता बिबट्याचा मुद्दा. हा मी हसण्यावारी नेणार नाही, कारण यात तथ्य आहे. बिबट्या मान किंवा गळाच धरतो हे खरं. आणि कुत्रा हे आपल्याकडच्या बिबट्याचं नेहमीचं खाणं आहे हे पण खरं, अकोले तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात बिबट्यांच्या विष्ठेवरून केलेला अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात बिबट्याने खाल्लेल्या भक्ष्याच्या एकूण वजनात 39 टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर इकडच्या लोकांना हे आकड्याशिवाय पण माहीत आहे. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये तर शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडची माणसंच स्वतःच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाताना टीव्हीवर दिसली, तेव्हा तिथल्या माणसाने आपल्या कुत्र्यालाही पट्टा घातला तर त्याला शहाणपण शिकवायला मी जाणार नाही.

पण मेसेज जे सांगत नाही ते असं की पट्टा फक्त मान झाकतो. पंजा, पोट, मागचे पाय उघडेच राहतात, आणि बिबट्या रात्री अंगणात येतो तेव्हा कुत्रा बहुतेक वेळा साखळीला बांधलेला असतो, पळू शकत नाही, लढू शकत नाही, म्हणजे गळ्यात खिळे आणि त्याच गळ्याला साखळी. मोकळ्या मेंढपाळी कुत्र्याला पट्ट्याने जे दोन-चार सेकंद मिळतात ते बांधलेल्याला मिळून उपयोग काय? तिथे खरं काम करतो तो बंद गोठा किंवा वरून पण जाळी असलेला पिंजरा (वरून पण, भिंतीवरून उडी मारणं त्याला काहीच नाही), रात्री कुत्रा आत, दिवा चालू. वनखातं पण जनावरं रात्री बंदिस्त ठेवा हेच सांगत असतं. पट्टा त्याच्यानंतर येतो. आणि तुमच्या सोसायटीच्या आसपास बिबट्याच नसेल तर हा सगळा मुद्दाच तुमच्यासाठी नाही.

"भटकी कुत्री चावत नाहीत." चावतात की. भांडणात कान, तोंड, पुढचे पाय हेच जास्त फाटतात. उलट होतं असं की तुमचा कुत्रा बागेत दुसऱ्या ओळखीच्या कुत्र्याशी मस्ती करतो, कुत्र्यांच्या मस्तीत एकमेकांची मान तोंडात धरणं हा नेहमीचाच खेळ आहे, आणि त्या बिचाऱ्याच्या टाळूला, हिरडीला खिळा लागतो, मग खेळाचं भांडण होतं. तसंच शेजारचं पोर गळ्यात पडतं तेव्हा, लिफ्टमध्ये कुणाच्या गुडघ्याला घासतं तेव्हा, आणि कुत्रा स्वतः मागच्या पायाने मान खाजवतो तेव्हा. बाजारात जे स्वस्तातले शोभेचे पट्टे मिळतात त्यांचे काटे तर नुसते स्क्रूवर बसवलेले असतात, ढिले होऊन पडतात आणि लॅब्राडॉर असेल तर पडलेली वस्तू पोटात गेलीच समजा.

यात आपला पावसाळा धरा. रुंद चामड्याचा पट्टा एकदा भिजला की दोन दोन दिवस वाळत नाही, खाली केस ओले, कातडी लाल, मग खाज, मग बुरशी नाहीतर चिघळलेली जखम, गोचीड तर तिथेच लपून बसतात कारण काट्यांमुळे कुणी पट्ट्याखाली बोटं घालून बघतच नाही. कोकणात राहत असाल तर हा एकच मुद्दा पुरे आहे.

आता सगळ्यात घातक ओळ. "आतले काटे दुखत नाहीत, कुत्री पण पिल्लाला मानेलाच धरते." प्राँग कॉलर, म्हणजे हाच आतल्या काट्यांचा पट्टा, विकणारे हेच वाक्य म्हणतात, आणि काही ट्रेनर पण. कुत्री पिल्लाला उचलून नेते ती पिल्लं अगदी लहान असताना, शिक्षा म्हणून नाही तर इथून तिथे न्यायला, आणि पिल्लू तेव्हा अंग सैल सोडून देतं. तीस किलोच्या जनावराच्या गळ्याभोवती स्टीलची टोकं आवळणं आणि हे, यात साम्य कुठे आहे? आणि दुखत नसेल तर तो ओढायचा थांबतो कशाला? त्या पट्ट्याचं सगळं यंत्रच असं आहे की ओढलं की साखळी आवळते आणि टोकं रुततात, थांबलं की सुटतात. दुखतं किंवा टोचतं म्हणूनच चालतं, दुसरं काही नाही त्यात. "त्याची कातडी जाड असते" म्हणणाऱ्यांसाठी, कुत्र्याच्या कातडीचा वरचा थर माणसापेक्षा पातळ असतो, आपल्याला जाड वाटते ती केसांमुळे.

आणि त्या मानेत काय काय आहे बघा, श्वासनळी, थायरॉईड, मोठ्या रक्तवाहिन्या. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाच्या लोकांनी 2020 मध्ये कुत्र्याच्या मानेचं मॉडेल करून सात पट्टे आणि एक स्लिप लीड (ओढलं की फासासारखी आवळणारी दोरी) ओढून दाब मोजला, तर इजेचा धोका नाही म्हणावं इतका कमी दाब एकाचाही आला नाही. त्याआधी 2006 च्या एका अमेरिकन अभ्यासात पट्ट्यावर ओढल्यावर डोळ्यातला दाब वाढलेला दिसला, हार्नेसवर (गळ्याऐवजी छातीभोवती बसणारे पट्टे) तसा वाढला नाही. पॉमेरेनियन आणि यॉर्कीसारख्या छोट्या जातींना श्वासनळी चपटी होण्याचा त्रास तसाही असतो, हंसासारखा घुर्र घुर्र खोकला येतो ना, तोच. त्यांना हे घालणं म्हणजे कमाल आहे.

माझ्या मते शरीराच्या जखमेपेक्षा दुसरं नुकसान मोठं आहे. कुत्रा दुसरा कुत्रा बघून पुढे झेपावतो, गळ्याला कचकन टोचतं. तो "मी ओढलं म्हणून टोचलं" असा हिशोब लावेलच असं नाही, "तो काळा कुत्रा दिसला की दुखतं" असा पण लावतो. मग काही आठवड्यांत मालक सांगतो की आधी नुसता ओढायचा, आता अंगावर जातो, आणि अजून कडक पट्टा विचारतो. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संघटनेने 2021 मध्ये स्पष्ट लिहिलंय की शिकवताना बक्षिसाचीच पद्धत वापरा, प्राँग वगैरे नको. जर्मनीत ट्रेनिंगमध्ये आतल्या काट्यांचे पट्टे 2022 पासून बंद, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रियात पण बंदी. आपल्याकडे विनाकारण वेदना देणं 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे खरा, पण पहिल्या वेळचा दंड 10 ते 50 रुपये, म्हणजे पट्टाच त्याहून कितीतरी महाग.

रुबाब आणि चोराबद्दल एवढंच की चोर भुंकण्याला घाबरतो, त्याला अंधारात पट्टा दिसत नाही.

ओढण्यावर उपाय कंटाळवाणा आहे म्हणून त्याचे फॉरवर्ड होत नाहीत. छातीवर पुढे कडी असलेला वाय आकाराचा हार्नेस, कुत्र्याने ओढलं की आपण खांबासारखं उभं राहायचं, लीश सैल झाली की चालायचं आणि खिशातून चिकनचा तुकडा द्यायचा, पहिले काही दिवस गेटपर्यंत जायला पंधरा मिनिटं लागतात आणि वॉचमन हसतो, हसू दे. बिल्ला लावायला साधा सपाट पट्टा असू द्या, खाली दोन बोटं आरामात जातील एवढा सैल.

बिबट्याच्या भागातले असाल आणि पट्टा करूनच घ्यायचा असेल तर चांभाराकडून करून घ्या, आत कातड्याचं किंवा जाड कापडाचं अस्तर, खिळ्याचं एकही डोकं मानेला लागता कामा नये, फक्त रात्री घालायचा, सकाळी काढून मान बघायची, आणि त्याला साखळी अडकवायची नाही.

कुणीतरी विचारलंच होतं, आधीच घेतलाय त्याचं काय करू. शोभेचा असेल तर काटे स्क्रू ड्रायव्हरने निघतात, खाली बऱ्यापैकी पट्टा उरतो, तो वापरा. आतल्या काट्यांचा असेल तर भंगारात, आणि ओएलएक्सवर टाकू नका, तो दुसऱ्या कुणाच्या तरी कुत्र्याच्या गळ्यात जाईल.