कोटावरून मार्शल ओळखता येतो म्हणे!

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय : ‘विमानातला स्काय मार्शल (प्रवाशांत साध्या वेशात बसलेला सशस्त्र सुरक्षारक्षक) असा ओळखा’. त्यातल्या खुणा अशा : मार्शल प्रत्येक विमानात असतो, तो सीआयएसएफचा (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा) असतो, त्याला कोट घालण्याची सक्ती असते, केस बारीक कापलेले असतात; आणि ओळखलात तर हळूच फोटो काढून ग्रुपवर टाका.

पहिल्या दोन खुणांत फारसा दम नाही. आपल्याकडे स्काय मार्शल आले ते डिसेंबर १९९९च्या आयसी-८१४ विमानाच्या अपहरणानंतर, आणि ते एनएसजी या कमांडो दलाचे असतात. धोका पाहून निवडलेल्या उड्डाणांवरच त्यांना पाठवतात. लोहगाव विमानतळावर दाराशी ओळखपत्र बघणारे, अंगझडती घेणारे जवान सीआयएसएफचे; विमान उडालं की त्यांचा त्याच्याशी संबंध संपला.

कोटाची गोष्ट मात्र हवेतून आलेली नाही. ती अमेरिकेची आहे आणि शिळी आहे. ११ सप्टेंबर २००१नंतर तिथलं एअर मार्शल दल झपाट्याने वाढवलं गेलं. सीक्रेट सर्व्हिसमधून आलेले संचालक थॉमस क्विन यांनी कॉलरचा शर्ट, कोट, नीटनेटकी हजामत असा दंडक घातला. माणूस रुबाबदार दिसावा हा हेतू. पण सुट्टीवर निघालेल्या, हाफ पँट-टीशर्टातल्या गर्दीत कोटवाले दोघे लगेच डोळ्यांत भरणार, हे कागदावर कुणाच्या लक्षात आलं नाही. मार्शलांनी तक्रारी केल्या. रॉबर्ट मॅकलिन या मार्शलने २००४ मध्ये एनबीसी वाहिनीवर वेश बदलून या नियमावर टीका केली (चेहरा लपला, आवाज ओळखला गेला). मे २००६ मध्ये अमेरिकी संसदेच्या न्यायविषयक समितीच्या अहवालाने हेच दोष दाखवले आणि ऑगस्टमध्ये नवे संचालक डाना ब्राउन यांनी नियम सैल केला. म्हणजे फॉरवर्ड ज्याला गुपित म्हणतोय, तो नियम त्या देशानेच कधीचा मोडीत काढलाय.

मग मार्शलने वाट्टेल ते घालायचं का? तसंही नाही. कमरेला पिस्तूल असलं की कपड्यांना कामं लागतात. शर्ट बाहेर सोडलेला असेल तर तो इतका लांब हवा, की वरच्या कप्प्यात बॅग ठेवायला दोन्ही हात वर केले तरी पट्टा उघडा पडू नये. पण मांडीपर्यंत लोंबला तर हत्याराकडे जाणारा हात कापडात अडकतो. पातळ, अंगाला चिकटणाऱ्या कापडातून आकार उमटतो. जरा जाड किंवा चौकड्याच्या कापडात तो हरवतो. पट्टा मऊ असेल तर वजनाने एक बाजू खाली ओढली जाते. हत्यार कुशीला असेल तर ते खुर्चीच्या हातावर आपटतं, पोटाशी असेल तर सीटबेल्ट आडवा येतो, म्हणून हे सगळं उभं राहून नव्हे, खुर्चीत बसून तपासायचं असतं. चप्पल बाद, कारण जेमतेम अर्ध्या मीटरच्या वाटेत झटापट झाली तर ती पायात राहत नाही. बाकी मे महिन्यातल्या गोव्याच्या विमानात ब्लेझर घालणं म्हणजे ‘मीच तो’ म्हणत स्वतःहून हात वर करणं. तिथे अर्ध्या बाह्यांचा सैल शर्टच बरा. दोघांची जोडी असेल तर एकाच छापाच्या बॅगा नि बूटही नकोत.

बारीक केसांचं तर पुण्यात बोलूच नका. खडकवासल्याला एनडीए ही लष्करी प्रबोधिनी, कॅम्पात लष्कराची दक्षिण कमांड, वानवडीला एएफएमसी हे लष्करी वैद्यकीय महाविद्यालय आणि खुद्द विमानतळ हवाई दलाच्या तळावर! या खुणेने मार्शल शोधायला निघालात तर सुट्टीवर निघालेले अर्धा डझन फौजी हाती लागतील.

फोटोचा सल्ला मात्र नुसता खुळचट नाही, घातक आहे. अंदाज चुकला तर भलत्याच प्रवाशाचा चेहरा गावभर. बरोबर निघाला तर ज्यांच्यापासून लपायचं त्यांच्याच हाती तो आयता पडला. ‘केबिन क्रूला सावध करतोय’ ही सबबही चालत नाही : आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे विमानात सशस्त्र माणसं किती आणि कुठल्या सीटवर, हे वैमानिकाला आधी कळवावंच लागतं. कुणाच्या कमरेला खरंच हत्यार दिसलं तर आरडाओरडा न करता क्रूमधल्या एकाला बोलवा, सीट नंबर हळू आवाजात सांगा आणि मोबाइल खिशातच ठेवा.