पूल बांधायला आलेला माणूस

रविवारी रात्री मास्तरांच्या घरी आम्ही पाच जणांनी मिळून 'झुलू' बघितला. १९६४चा इंग्रजी युद्धपट, सव्वादोन तासांहून मोठा. सोमवारी संध्याकाळी सोलापुरातल्या चार हुतात्मा पुतळ्यांजवळच्या आमच्या कट्ट्यावर त्यावरून जी जुंपली, ती साडेनऊला चहावाल्यानं शेगडी विझवली तरी मिटली नव्हती. घरी आलो तरी डोक्यातून जाईना, म्हणून लिहून काढतोय.

गोष्ट २२ जानेवारी १८७९ची, दक्षिण आफ्रिकेतली. बफेलो नदीच्या उताराजवळ रोर्क्स ड्रिफ्ट नावाचं ठाणं, म्हणजे मिशनची दोन घरं. एकात इस्पितळ, दुसऱ्यात कोठार. त्याच दिवशी दहा मैलांवर इसांडलवानाला झुलू या तिथल्या लोकांच्या फौजेनं इंग्रजांच्या बाजूची तेराशेवर माणसं कापून काढलेली. दुपारी तीन-चार हजार झुलू या ठाण्यावर चालून येतात. आत दीडशेच्या आसपास माणसं, त्यातली बरीच आजारी. आणि दोन लेफ्टनंट. ब्रॉमहेड पायदळाचा, तिथल्या कंपनीचा. चार्ड इंजिनिअर, नदीवरच्या कामाला आलेला. हुकूम कुणाचा चालणार? दोघं एकमेकांना नेमणुकीची तारीख विचारतात. चार्डची काही महिने आधीची निघते. झालं, ठाणं त्याच्या गळ्यात.

सुरुवात बारक्यानं केली. बारक्या पोलीस भरतीची तयारी करतो, पहाटे पाचला पार्क मैदानावर असतो.

"चार्ड लीडर वाटतच नाही बे. तोंड बघितलं का त्याचं? ह्याला नकोच होतं. लीडर म्हणजे पुढं होऊन घेतो तो. ब्रॉमहेड बघा, घराण्यात तीन पिढ्या फौज. त्याच्याकडं द्यायला पाहिजे होतं."

"मुकादम कधी पुढं होऊन झालेला बघितलास का?" मामा म्हणाले. मामांनी मार्केट यार्डात पस्तीस वर्षं हमाली केली, अर्धं आयुष्य कांद्याच्या पोत्याखाली गेलं. "टोळीत जो जुना, त्याच्या गळ्यात पडतं. मग रात्री दोनला गाडी आली तरी उठायचं त्यानं, आणि कुणाचा पाय मोडला तर त्याच्या बायकोला सांगायला जायचं त्यानंच. हौसेनं कोण घेतंय?"

मी मामांच्या बाजूनं होतो आणि अजून आहे. मला या सिनेमात सगळ्यात खरा वाटतो तो चार्डचा चेहरा. स्टॅन्ली बेकरनं तो केलाय, आणि निर्मात्यांतलाही एक तोच. मनात आणलं असतं तर स्वतःला शूरवीर करून घ्यायला त्याला कोण अडवणार होतं? पण चार्ड कुठं भाषण ठोकत नाही. तो फिरतो. भिंत कुठं कमी पडतेय ते बघतो, माणसं इकडची तिकडं हलवतो. जखमी झाल्यावर त्याचे हात थरथरतात तेही लपवलेलं नाही. आणि सगळं संपल्यावर, पोत्यांपलीकडं प्रेतांचा खच पडलेला असताना, ब्रॉमहेड कबूल करतो की त्याला लाज वाटतेय. तो चार्डला विचारतो, तुझ्या पहिल्या वेळीही असंच झालं होतं का? तेव्हा कळतं की चार्डचीही ही पहिलीच लढाई. असला खाटीकखाना मी दुसऱ्यांदा सोसला असता असं वाटतं का तुला, म्हणतो तो. मी इथं पूल बांधायला आलो होतो. जिंकलेल्या माणसाच्या तोंडी हे घालायला धाडस लागतं. मायकेल केनची ही पहिली मोठी भूमिका, पण त्या क्षणी तोसुद्धा ब्रॉमहेडची सगळी ऐट उतरवून उभा राहतो.

"पूल कुणासाठी?" अण्णांनी विचारलं.

अण्णा चादरीच्या कारखान्यात होते, बोलतात कमी. आम्ही गप्प झालो.

"न्हाई, मला सांगा. नदीच्या त्या बाजूला कुणाचं राज्य? झुलूंचं. मग नदीवर सोय कशाला? फौज आणि गाड्या त्यांच्या राज्यात न्यायला. आणि हा म्हणतो, मी आपला पूल बांधायला आलो होतो. म्हणजे ह्याचे हात कोरडे?" त्यांनी मान वळवून पुतळ्यांकडं बघितलं. "ह्या चौघांना फाशी देणाऱ्या सरकारातपण असा एखादा असेल की. मनात नव्हतं, हुकूम होता म्हणणारा."

चौघांची नावं इथं कुणाला सांगावी लागत नाहीत, पण बाहेरच्या वाचकांसाठी लिहितो: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१, येरवडा.

बारक्यालाही यावर बोलता येईना. मग मास्तर बोलले. इतिहासच शिकवायचे ते, आणि अजून सालासकट बोलतात.

"अण्णा बरोबर बोलतायत. ही लढाई मुळात कुणी लावली ते सिनेमात नाहीच. बार्टल फ्रिअर, दक्षिण आफ्रिकेतला इंग्रजांचा मोठा अधिकारी. ११ डिसेंबर १८७८ला त्यानं झुलूंचा राजा सेत्शवायो याला निर्वाणीचा खलिता दिला. तीस दिवसांत फौज मोडीत काढ, असं त्यात होतं. कुठला राजा ऐकेल? मुदत संपली आणि ११ जानेवारीला इंग्रज नदी उतरून आत गेले. आणि हा फ्रिअर आपल्याला परका नाही बरं का. साताऱ्याचं राज्य खालसा झालं तेव्हा तिथं रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा माणूस, होता तो. पुढं १८६२ ते ६७ मुंबईचा गव्हर्नर."

हे मला माहीत नव्हतं. साताऱ्याच्या गादीचा हिशेब संपवणाऱ्या काळातला माणूस तीस वर्षांनी आफ्रिकेत दुसऱ्या गादीसमोर उभा, हे ऐकून अंगावर काटा आला.

"आणि नाइलाजानं पुढारी झालेला बघायचाच असेल," मास्तर पुढं म्हणाले, "तर तो सेत्शवायो बघा. त्याला ही लढाई नको होती. आपली हद्द राखा, नदी ओलांडून इंग्रजांच्या मुलखात जाऊ नका, असं त्यानं बजावलं होतं. रोर्क्स ड्रिफ्टवर फौज घेऊन गेला तो त्याचा भाऊ दाबुलामांझी, राजाची आज्ञा मोडून. सिनेमात राजा सुरुवातीला तेवढा दिसतो. भूमिका केलीय मांगोसुथु बुथेलेझीनं, म्हणजे त्या राजाच्याच वंशातल्या माणसानं. एवढा माणूस हाताशी असून त्याच्या तोंडी त्याची अडचण घातली नाही."

इथं मी भांडलो. म्हटलं, मास्तर, सिनेमानं झुलूंना भेकड दाखवलेलं नाही. शिस्त दाखवलीय, डाव दाखवलाय, मरण पत्करून बंदुकांचा अंदाज घेणारी माणसं दाखवलीत. १९६३ साली, वर्णभेदाच्या राजवटीत, दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतातच चित्रीकरण करून हे केलंय. शेवटी ते इंग्रजांना मानवंदना देऊन निघून जातात...

"ती मानवंदना झालेलीच नाही," मास्तर म्हणाले. "आणि जे झालं ते दाखवलेलं नाही. लढाईनंतर मैदानात पडलेल्या जखमी झुलूंना मारून टाकलं."

मला उत्तर सुचलं नाही. चार्डला आलेली शिसारी खरी मानायची, तर त्या सकाळचं हेही दाखवायला हवं होतं. तेवढं दाखवलं असतं तर चार्ड लहान झाला नसता, उलट त्याच्या शेवटच्या वाक्याला आणखी वजन आलं असतं. सिनेमाची ही चूक मी माफ करत नाही. पण चार्डवरचा माझा जीवही त्यामुळं कमी झालेला नाही, आणि हे दोन्ही मी तिथं बोलून दाखवलं.

बारक्याला वेगळंच टोचत होतं. "पण सर, थांबून लढायचं हे तर चार्डनंच ठरवलं ना? तेवढं तरी त्याचं?"

तेही पूर्ण नाही, मी म्हटलं. कोठार सांभाळणारा जेम्स डाल्टन म्हणून होता, आधी पलटणीत सार्जंट राहिलेला. आजाऱ्यांना गाड्यांत घालून निघालो तर उघड्या माळावर गाठतील, त्यापेक्षा इथंच भिंत घालू, हे त्यानं पटवलं. अकरा व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांची सगळ्यात मोठी शौर्यपदकं, दिले गेले त्या लढाईला, डाल्टनचा मागाहून आला. सिनेमात तो किरकोळ करून टाकलाय. माझ्या मते चार्डचं मोठेपण इथंच आहे की त्यानं ऐकलं. ज्याला पद हवं असतं, त्याला कोठारवाल्याचं ऐकताना कमीपणा वाटतो. बारक्या म्हणाला, "हे आम्हाला ग्राउंडवर कुणी सांगत नाही," आणि बराच वेळ बुटाची नाडी सोडून बांधत राहिला.

मामा मघापासून एकाच गोष्टीवर अडले होते. "ती भिंत. मक्याची पोती होती न्हवं? वजन किती?"

मास्तर म्हणाले, दोनशे पौंडांचं एक. म्हणजे नव्वद किलो.

"नव्वद." मामांनी हात पुढं केले. उजव्या तळव्यावर आकड्यानं पडलेला जुना वण आहे, तो दिव्याखाली पांढरा दिसत होता. "आता यार्डात पन्नासचं पोतं झालं. त्यासाठी हमालांनी किती वर्षं भांडण केलं. आम्ही शंभरचं उचललंय. ते एकट्यानं उचलत न्हाईत, दोघं पाठीवर देतात, तिसरा घेतो. आणि नुसतं टाकून थप्पी होत न्हाई. एक थर उभा, वरचा आडवा. सांधा सांध्यावर आला की फुटती. छातीएवढी थप्पी, दोन घरांच्या मधनं, अशी लांब. दुपारी तास-दीड तासात. ती लाल डगल्यातली पोरं? त्यांनी केली? मला खरं वाटंना."

मास्तर हळू आवाजात म्हणाले, "त्यांनी एकट्यांनी नाही केली. नाताळच्या आफ्रिकी लोकांची एक तुकडी होती इंग्रजांकडं. भिंतीचं बरंच काम त्यांच्या हातांनी झालं. झुलू जवळ आल्यावर ते निघून गेले. माणसं कमी पडली म्हणून मग चार्डनं आतून बिस्किटांच्या पेट्यांची दुसरी भिंत घातली."

"आणि नाव झालं पळाले म्हणून."

"हो."

मामा उठले, टोपी झटकून डोक्यावर ठेवली. शेवटची बस गाठायची होती त्यांना.

"मास्तर, पुढच्या रविवारी परत लावा. सगळा नको. पोती रचतात तेवढंच. हात कुणाचे दिसतात ते बघायचंय मला."